हरणाबाई आणि रिकामा डबा

फुकटचं जेवण घरपोच मिळायला लागल्यावर जिचं काम दुप्पट वाढलं, अशी आमच्या गल्लीत एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझ्या भिंतीपलीकडे राहते. हरणाबाई. मी धाराशिवात ब्लाउज शिवून पोट भरते. आमच्यातली भिंत इतकी पातळ आहे की त्यांच्या फोडणीनं मला ठसका लागतो आणि माझ्या मशीनच्या आवाजानं त्यांची दुपारची झोप मोडते. दोघीही एकमेकींना त्याबद्दल रोज बोल लावतो. शेजार म्हणजे दुसरं काय असतं?

मावशी मूळच्या भूम तालुक्यातल्या ईटच्या. नवरा गुंडाप्पा मेंढरं राखायचे, त्यांच्यामागं फिरण्यात मावशींचं निम्मं आयुष्य गेलं. नवरा वारला, मेंढरं विकली, मुलगा धनाजी इथं धाराशिवात नोकरीला लागला आणि बदली होऊन नागपूरला गेला. त्यानं आईलाही नेलं होतं. आठवडा भरायच्या आत आई गाठोडं घेऊन परत.

"तिथं समदी दारं लावून बसत्यात," त्यांनी मला सांगितलं. "म्या बोलायचं कुणासंगं? लिफ्टसंगं?"

मागच्या उन्हाळ्यात मावशी न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात मोडला. प्लास्टर लागलं. थोडे दिवस मी जेवू घातलं. पण माझ्या हाताला चव नाही हे त्या माझ्याच ताटात जेवून मला रोज सांगायला लागल्या, तेव्हा मी चिडून एका मंडळाला फोन केला. हे मंडळ शहरातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा घरपोच देतं, तोही फुकट. अट एकच. ज्याला स्वतः रांधता येतं त्याला डबा नाही. डबे मोजके आणि वाट बघणारे पुष्कळ, तेव्हा अट बरोबरच होती.

मंडळाचे डबे पोचवायचं काम महांतप्पाकडे. लोहाऱ्याकडचा, पन्नाशीचा, भला माणूस. एकच खोट, त्याला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला गेला की उचकी लागते. पहिल्या दिवशी त्यानं डबा ठेवला आणि म्हणाला, "मावशी, उद्या रिकामा डबा तेवढा तयार ठेवा."

"रिकामा?" मावशी दचकल्या.

आता आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर साखर घाला, मूठभर शेंगा घाला, काहीतरी घाला. पण ही रीत शेजारणीच्या वाटीसाठी असते, मंडळाच्या डब्यासाठी नव्हे, हे मी मावशींना बजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच अनाडी.

दुसऱ्या दिवशी डब्यात साखर गेली. नंतर शेंगा. मग प्लास्टर निघालं आणि माझ्या नाकाला सुगावा लागला. भिंतीपलीकडून शेंगदाण्याच्या चटणीचा, लसणाच्या ठेच्याचा आणि एकदा तर चक्क येसराचा मसाला भाजल्याचा वास यायला लागला. मंडळाचं जेवण म्हणजे रक्तदाब सांभाळून केलेलं. दुधीची भाजी, मुगाची खिचडी, पुन्हा दुधी. मावशी ते निमूट जेवायच्या, डबा लख्ख घासायच्या आणि त्यातला एक कप्पा भरून महांतप्पाच्या हातात द्यायच्या. पुढं पुढं कप्पा पुरेना, तेव्हा शिकेकाईच्या, तंबाखूच्या, कसल्या कसल्या जुन्या डब्या घासून त्या भरायला लागल्या.

"मावशी, अहो तुम्हाला रांधता येत न्हाय म्हणून डबा येतो," मी म्हटलं. "अन् डबा येतो म्हणून तुम्ही रांधता. ह्याला काय म्हणावं?"

"रीत म्हणावं," त्या म्हणाल्या.

महांतप्पा एकटा तरी किती ठेचा खाणार? त्यानं पुढच्या घरी एक डबी दिली विरुपाक्षअण्णांना, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अण्णा मंडळाची खिचडी आल्यापावली परत पाठवायचे, ते आता डबा चाटूनपुसून द्यायला लागले. दुसरी डबी गेली उमाबाईंना. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांनीच घात केला. कौतुक करायची त्यांना भारी हौस. त्यांनी मंडळाच्या चिटणिसांना, अण्णारावांना, फोन लावून सांगितलं की तुमच्या स्वयंपाकघराला अखेर अक्कल आली, चटणी उत्तम जमली आहे.

अण्णारावांच्या स्वयंपाकघरात चटणी होतच नव्हती. त्यांनी महांतप्पाला विचारलं. महांतप्पानं सांगितलं की आपल्याला काही माहीत नाही, आणि उचकी लागली. पाणी पाजलं तरी थांबेना. शेवटी खरं सांगितलं तेव्हा थांबली.

"उद्या साहेब तुमचा हात बघायला येणार," तो मावशींना येऊन म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "रांधता येतंय दिसलं तर डबा बंद म्हणाले."

महांतप्पा गेला आणि मावशी उंबऱ्यावरच बसून राहिल्या. मला वाटलं, बरं झालं, सुटली बाई दुधीतून. तसं बोलूनही दाखवलं.

"दुधीचं कोण रडतंय गं?" मावशींचा आवाज एकदम बसला होता. "दुपारी कुणीतरी कडी वाजवतं. मावशी हायत का, जेवला का, इचारतं. मेंढरं होती तवा रातीसुद्धा गलबला असायचा. आता दुपार लई मोठी असती, शिवकन्ये."

 भिंतीपलीकडं मी दिवसभर मशीन चालवते आणि मला वाटायचं, एवढी सोबत पुरते. नाही पुरत. मला वाईट वाटलं, आणि एकदा वाईट वाटलं म्हणजे मी खोटेपणालाही मदत करते. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच जुन्या साडीची पट्टी फाडून मावशींचा हात गळ्यात बांधला. पाटा पोत्याखाली झाकला. तवा पलंगाखाली सारला. "कण्हायचं," मी सांगितलं. "आणि साहेब जाईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही."

अण्णाराव भर बाराला आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, घामानं निथळत. मावशी कण्हल्या. इतक्या जोरात की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"हरणाबाई, प्लास्टर उजव्या हाताला होतं ना?" अण्णाराव म्हणाले. "तुम्ही डावा बांधलाय."

चूक माझी होती. 

"दुकणं फिरत असतंय साहेब," मावशी म्हणाल्या.

अण्णाराव उठले. मला वाटलं, प्रकरण मिटलं, जाताहेत. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "साहेब, जेवून निघालाव व्हय?"

"नाही. घरी जाऊन जेवीन."

झालं! मी मावशींकडं बघून डोळे वटारले. मान हलवली. त्यांच्याच पाठीला मागून चिमटा काढला. मावशी पलंगाची कड धरून बसल्या, ओठ घट्ट मिटलेले, जणू उलटी आवरताहेत. अण्णारावांनी एका पायात चप्पल घातली. दुसऱ्या पायात घालणार, तोच मावशींचा धीर सुटला.

"आगं, भर दुपारचा माणूस उपाशी चाललाय माझ्या दारातनं!" असं म्हणत त्यांनी पट्टी ओढून फेकली, पलंगाखाली वाकून तवा बाहेर काढला आणि मला हुकूम सोडला, "बघतीस काय? पीठ काढ. साहेब, बसा. लेकरा, बस म्हणतीया ना!"

साठीचे अण्णाराव लेकरू झाले आणि बसले. एका चपलेनिशी.

त्यांच्या डोळ्यांदेखत मावशींनी ज्वारीच्या पिठात कांदा, तिखट, कोथिंबीर घालून धपाटे थापले, मोडलेल्या हातानंच. सोबत दही आणि ठेचा. अण्णारावांनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि त्यांनी ताट पुढं केलं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. मी जन्मात असा तपास पाहिला नाही.

हात धुऊन झाल्यावर मात्र ते पुन्हा चिटणीस झाले. "हरणाबाई, तुम्हाला रांधता येतं," ते नजर चुकवत म्हणाले. "उद्यापासून डबा दुसऱ्याला जाईल. माझा इलाज नाही."

"बराबर हाय," मावशी म्हणाल्या. "ज्याची चूल बंद हाय त्याच्या मुखात जाऊ द्या." आणि जाताना त्यांच्या हातात एक डबी दिली. "हे मालकीणबाईस्नी."

दुसऱ्या दिवशी मावशी बारा वाजता सवयीनं उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी मशीन बंद करून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.  गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मग महांतप्पाची गाडी वाजली.

"डबा न्हाय आणला," तो लांबूनच ओरडला. उचकी लागली नाही, म्हणजे खरं होतं. "तुमच्या डब्या परत द्यायला आलोय. रिकाम्या कशा द्यायच्या म्हणाले."

विरुपाक्षअण्णांच्या डबीत दुधीची भाजी होती. उमाबाईंच्या डबीतही दुधीची भाजी होती, वर कौतुकाची चिठ्ठी. बिचारे दुसरं घालणार काय? जे मंडळानं दिलं त्यातलंच. मावशी एकेक झाकण काढत होत्या, हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी अण्णाराव दिसले. आज दोन्ही चपला होत्या. हातात मावशींची डबी. त्यांनी ती पुढं केली आणि म्हणाले, "मंडळाच्या नियमात डबा बसत नाही. डबी परत करण्याबद्दल मात्र काही लिहिलेलं नाही."

मावशींनी झाकण उघडलं. आत साहेबांच्या घरची आमटी होती. बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं केलं.

"मीठ न्हाय," त्या म्हणाल्या, आणि डबी बाजूला ठेवून सरकून बसत त्यांनी उंबऱ्यावर अण्णारावांना जागा करून दिली. "बस. जेवलास का?"