राखणीचा रस्सा

बाबांनी जन्मभर आईच्या हातचं कोंबडं खाल्लं आणि जन्मभर त्यावर एकच शेरा मारला. "चांगलं झालंय. पण रानातल्यासारखं नाही." रविवार असो, गटारी असो, मुंबईचे पाहुणे असोत, शेरा ठरलेला. तोंडात हाडूक असतानासुद्धा हे वाक्य त्यांना अगदी स्पष्ट म्हणता यायचं. त्यावर आईच्या हातून पुढचा भात त्यांच्या ताटात जरा जोरात पडायचा.

रानातलं म्हणजे राखणीचं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत भात झोडून घरात आलं की एके दिवशी सगळे पुरुष वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, जातात. तिथे एका ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. वर्षभर माणसं, गुरं आणि शेतं सांभाळल्याबद्दल त्याला घरटी एक कोंबडा द्यायचा, तीन दगडांच्या चुलीवर तिथेच शिजवायचा आणि तिथेच खायचा. उरलेलं घरी आणायचं नाही. बायकांनी जायचं नाही. म्हणजे ज्या रश्शाशी आईच्या रश्शाची दरवेळी तुलना व्हायची, तो तिला कधी चाखायलाच मिळणार नव्हता. इतकी बिनधोक बढाई मारायची सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आणि बढाई मारणारे कोण, तर आमच्या वाडीतले पुरुष. माठासमोर उभं राहून पाणी कुठे आहे असं विचारणारी माणसं ही. बाबा पंचायतीत कारकून होते, अख्ख्या गावाचे दाखले त्यांना तोंडपाठ, पण घरातला साखरेचा डबा त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. राखणीच्या संध्याकाळी मात्र ते धुराचा वास मारत, लढाईवरून आल्यासारखे खाली उतरायचे. बोटाला चटका बसलेला असायचा, तो सगळ्यांना दाखवून व्हायचा. मग ओटीवर बसून रश्शाचं वर्णन. ते ऐकत आई त्यांच्यासाठी चहा टाकायची.

बाबा गेले. पहिल्या वर्षी आमच्या घरातून राखणीला काहीच गेलं नाही. दुसऱ्या वर्षी वाडीचे मानकरी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, ते घरी आले. घरात आता पुरुष नाही, मी एकुलती एक मुलगी, आणि तीही नोकरीसाठी रत्नागिरीला. तेव्हा वहिनींनी नुसता कोंबडा द्यावा, बाकीचं आम्ही बघू, असं त्यांनी फार मायेने सांगितलं. लाडू खाल्ले, चहा प्याले. आई म्हणाली, कोंबडा देते, पण बरोबर मी येणार. काका हसले. मग आई हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

मला हे तिने फोनवर सांगितलं. मी तिला वेड्यात काढलं. विहिरीच्या पायऱ्या चढताना जिचे गुडघे कुरकुरतात ती सडा काय चढणार? आणि कशासाठी? एका कोंबड्यासाठी?

"मला बघायचंय ते काय एवढं लागतं," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं काय कमी घालत होते, ते मला कळू दे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हा त्या दोघांमधला विनोद आहे. तो एकट्या बाबांचाच होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि हार घातलेल्या फोटोवर रागावण्यासारखं निरुपयोगी काम दुसरं नाही.

मग वाडीची बैठक झाली. असं आजवर कधी झालं नाही, असं एकाने सांगितलं. देव कोपेल, असं दुसऱ्याने. तिसरा नुसताच अस्वस्थ होता. खरी अडचण देवाची नव्हतीच. ती दरवर्षी एका कापडी पिशवीतून वर जायची आणि तिला बूच असायचं. बायकामाणसांसमोर पिशवी उघडणार कशी? पण हे बैठकीत बोलता येईना, म्हणून सगळा भार देवावर टाकला आणि कौल लावायचं ठरलं.

गुरवाने दगडाला पाण्याने ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे श्वास रोखून त्या पाकळ्यांकडे बघत बसले आणि पाकळ्या बराच वेळ कुणालाच भीक घालेनात. शेवटी उजवी पडली. वाऱ्याने पडली, पुन्हा लावा, असं त्या अस्वस्थ माणसाने म्हणून पाहिलं. गुरवाला म्हशीचं दूध काढायला जायचं होतं.

"देवानं येकदा सांगितलान ना? मग झाला," तो म्हणाला आणि उठला.

तरी काकांनी दोन अटी घातल्याच. वहिनींनी टोपाला हात लावायचा नाही. आणि स्वयंपाकाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आईने दोन्ही कबूल केल्या. दुसरी अट ऐकून मला काकांची कीव आली. तिला धरायला म्हणून मीही जाणार होते. त्याला कुणी हरकत घेतली नाही, एक बाई आली तिथे दुसरीने काय बिघडणार.

मी जयगडहून फेरीबोटीने आले. बोटीवर पुण्याच्या दोन गाड्या होत्या, त्यातली मंडळी निसर्गात पायी फिरण्याचा बेत करत होती, त्यासाठी खास बूट, काठ्या आणि बाटल्या घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नऊवारीखाली माझे जुने कॉलेजातले बूट घालून अंगणात उभी होती. तिला बघून मी हसले तर म्हणाली, चल, ऊन होतंय.

घरामागच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून वर, मग काजूच्या बागेतून, मग करवंदीच्या जाळ्यांतून अंग चोरत. मला ऑफिसच्या खुर्चीने पुरतं कामातून घालवलं होतं. मी दर वळणाला निसर्ग बघण्याचं निमित्त करून थांबत होते. आई साडीचा काष्टा सावरत पुढे चालली होती. गुडघे दुखतच होते, पण त्यांची तक्रार ऐकायला तिला सवड नव्हती. पुढे एकाच्या डोक्यावर टोप, दुसऱ्याच्या खांद्यावर कोंबड्यांची टोपली, आणि सगळ्यांच्या मागे, आमच्यापासून शक्य तितकी लांब, ती कापडी पिशवी.

देवाला दाखवेपर्यंत कुणी काही खायचं नव्हतं. बरोबर काहीही न घेता आई घराबाहेर पडलेली मी पहिल्यांदा पाहिली. एरवी ती दवाखान्यात जातानासुद्धा डबा घेते. थांबलो की तिचा हात आपसूक कमरेजवळ जायचा, जिथे पिशवी असते तिथे, आणि रिकामाच परत यायचा.

वर सडा नुसता भाजत होता. काळा कातळ, पिवळं गवत, आणि लांब खाली खाडी समुद्राला मिळते ती चकाकी. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, त्यात आमच्या घराचं नाव आलं तेव्हा आईने पदर डोक्यावर घेतला. मग स्वयंपाक सुरू झाला.

स्वयंपाकी म्हणजे आमचा शेजारी. घरी ह्याला बायको नारळ सोलायलाही देत नाही. इथे तो सेनापती. त्याने कांदा असा तोडला की त्यापेक्षा चुलीतली लाकडं बारीक होती. फोडणीत तेल तापायच्या आधी मसाला गेला. मसाला परतायच्या आधी पाणी गेलं. तेव्हा आईने तोंड फिरवलं आणि ती समुद्राकडे बघत बसली. तिचा ओठ दाताखाली होता. मग एकाने मीठ घातलं. थोड्या वेळाने दुसऱ्याने येऊन, पहिल्याला न विचारता, पुन्हा घातलं. आईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडीचा वळ उठला. पण ती बोलली नाही. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं तप मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोंबडे जुने होते, शिजता शिजेनात. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. धुराबरोबर वास यायला लागला आणि माझं पोट उघड उघड बोलायला लागलं. आई सारखा आवंढा गिळत होती.

एकदाची केळीची पानं मांडली. भात आला, त्यावर तो रस्सा, काळपट, वर राखेचे कण तरंगणारा. आईने पहिला घास उचलला आणि सगळ्यांचे हात थांबले. पंचायतीचा निकालही वाडीने इतक्या शांतपणे कधी ऐकला नसेल.

तिने घास चावला. बराच वेळ चावावा लागला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. भराभर, मान खाली घालून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देऊन ती जेवत राहिली. इतकं भुकेजून जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शेवटी शेजाऱ्यालाच राहवेना.

"वैनी, कसा झालाय?"

"मीठ दोनदा पडलंय. कांदा कच्चा. पाणी आधी ओतलंस तिथेच सगळं संपलं." तिने काकांकडे बघितलं. अट स्वयंपाक होईपर्यंतची होती, असं बहुतेक तिचं म्हणणं असावं. मग तिने पान पुढे सरकवलं. "वाढ अजून."

सगळे हसले, सुटका झाल्यासारखे. कुणीतरी पिशवीकडेही सरकलं. मीही हसले. मला वाटलं, जिंकली. खाली जाऊन बाबांच्या फोटोला सांगता येईल की तुमचा तो रस्सा चारचौघांसारखाही नव्हता.

आई हसत नव्हती. हात पानात तसाच ठेवून ती बसली होती.

"चव लागते," ती मला म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "खोटं नव्हते सांगत ते."

"अगं, भूक लागलीय तुला. म्हणून."

"तेच तर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिचा उजवा हात मोकळा नव्हता. "ह्यांना मी घरात कधी भूकच लागू दिली नाही गो. एकदा तरी म्हणायला हवं होतं ना मी, जरा थांबा."