बसलेली हरिणी

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत अंगणातल्या बर्फावर हरणाच्या खुरांचे ठसे दिसले आणि मला हिमाचलातला एक दमलेला दिवस आठवला. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. बर्फ पडून गेला की ताजे ठसे सापडतात, म्हणून तुमचे आजोबा बंदूक घेऊन निघाले आणि त्यांच्यामागे हट्टाने मी. चढ चढून माझे पाय गळाले होते. अखेर एका देवदाराखाली हरिणी बसलेली दिसली. तिच्या पाठीवर बर्फ साचला होता.

बसलेल्या जनावरावर गोळी झाडायची नाही, हा आजोबांचा नियम. बंदूक रोखून ते थांबले. ती उठेना, नुसती बघत राहिली.

"उठ गं बाई," ते कुजबुजले.

"अहो, ती नाही उठायची," म्हणत मी बर्फातच बसकण मारली. "आणि मीही."

"मग बसा दोघी!" ते हसले आणि काडतुसं काढून त्यांनी खिशात टाकली.

हल्ली दुपारी खुर्चीत बसले की उठवत नाही. कामं समोर दिसत असतात. "उठ गं बाई," असं स्वतःलाच म्हणते. मग ती हरिणी आठवते, आणि मी बसूनच राहते.