सकपाळ उस्तादांचं माप

सकपाळ उस्ताद माणसाचा दम कानाने मोजायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं असावं. महाडच्या मैदानावर पोलिसांच्या कमांडो पथकाची वार्षिक चाचणी चालू होती. मी कॉलेजातला क्रीडाशिक्षक. मला माझ्या स्पीकरसकट उसनं आणलेलं. वीस मीटरवर आखलेल्या दोन रेषांमध्ये जवान ये-जा करत होते. स्पीकरची पुढची शिट्टी होण्याआत समोरची रेषा गाठायची, आणि दर मिनिटाला एक पायरी चढते, तशा शिट्ट्या जवळ येत जातात. नववी पायरी पुरी करील तो पथकात, बाकीचे परत पोलीस ठाण्यात. आणि पथकाचे हे प्रशिक्षक कडेला चक्क डोळे मिटून हाका मारत होते.

"जाधव!"

"होय, उस्ताद!"

"मोरे! अरे मोरे, झोपलास का रे?"

"हो...य!"

"लांबला. तीन फेऱ्यांत गळतोय बघा, मास्तर."

मोरे तिसऱ्या फेरीत गळला. टाळी वाजवायचा मोह मी कसाबसा आवरला.

ही विद्या कुडपणची, डोंगरावरच्या त्यांच्या गावची. वर गाडी जात नव्हती तेव्हा आजारी माणसाला डोलीत घालून चौघे जण खाली उतरवायचे. उस्ताद तरुणपणी त्यात असत. "पुढचा हाक देतो, बाकीचे होय म्हनतात. ज्याचा होय लांबला त्याचा खांदा बदलायचा. तो नाय म्हनला तरी बदलायचा. उतारावर मानूस खोटं बोलतो, दम बोलत नाय."

मागच्या वर्षी नियम बदलला: प्रशिक्षकही कारवाईत पुढे असतो, म्हणून त्यानेही चाचणी द्यायची. उस्ताद एकोणपन्नास वर्षांचे. पथकातली त्यांची सगळी वर्षं त्या नवव्या पायरीला टांगलेली. रेषेवर उभे राहत म्हणाले, "मास्तर, हाका तुम्ही मारा. लाजू नका."

मी आणि लाजणार! गावच्या नाटकात दरबार दणाणून सोडणारा आवाज मी लावला. सातव्या पायरीला खणखणीत "होय!" आठव्या पायरीला, "होय! तुमचा घसा बसला का हो?" जवान हसले. नववी सुरू झाली आणि हसू थांबलं. उस्तादांच्या मानेची शीर दोरीसारखी ताठ. मैदानावर फक्त बुटांचा आवाज आणि ती शिट्टी.

"उस्ताद!" मी ओरडलो.

पाय शिट्टीच्या आधी रेषेवर पोचले. "होय" नंतर आला. अर्ध्या श्वासाने नंतर. मी ऐकलं, आणि लगेच मान खाली घालून तक्ता वाचू लागलो.

"दोनच फेऱ्या, उस्ताद! दोनच!" जाधव किंचाळला.

उस्ताद थांबले. शिट्टी झाली, हलले नाहीत. दुसरी झाली. गुडघ्यांवर हात टेकून तसेच उभे. चाचणी संपली.

"अहो, पाय पोचत होते की!" मी धावलो.

"पोचत होते. तुम्ही ऐकलंत ना?"

"मी? छे! काहीच नाही."

"मास्तर, नाटकात तुम्ही बरे. हितं जमत नाय तुम्हांला." धाप ओसरेपर्यंत ते जाधवकडे बघत राहिले. "दार फोडून आत शिरतो तेव्हा हा माझ्या मागं असतो. मी पास होईन, आनि गोळी याला बसंल."

जाधवने तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात उस्ताद ठाण्यात रुजू झाले. चाचणीच्या तक्त्यात दोनच रकाने असतात, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. मी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'स्वतःहून थांबले.'

साहेबांनी कागद पाहून भुवया उंचावल्या. "असा रकाना आहे का?"

"नव्हता, साहेब," मी म्हटलं. "आखून घेतला."