बिनआवाजी गाडीवर नालवाडी ते आर्वी

आधी माफी मागतो. आर्वीहून आल्या आल्या लिहितो म्हटलं होतं, पण सोयाबीन निघून कापूस वेचायला आला तरी हात धजेना. मी जेमतेम सातवी शिकलेला. इलेक्ट्रिक गाडीबद्दल लिहायचं म्हणजे कागदालाही शॉक लागेल की काय, अशी धास्ती.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीहून निघून वाटेतली गावं करत आर्वीला लेकीकडे, कुंदाकडे, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. ही फेरी आजवर जुन्या फटफटीवर झाली. माझा मुलगा विनोद याने आता इलेक्ट्रिक गाडी आणली आणि सोबत अट घातली.

"बाबा, रस्त्यातून 'मले न्याले ये' असा फोन नाई आला, तं तुमची फेरी चालू. आला, तं चाबी माह्याजवळ. मंग घरीच बसा, टीव्ही पाहा."

"आन् फटफटी?"

"ते कसंबी भंगारातच जाते."

टीव्हीसमोर बसून आमच्या गल्लीतले दोघे कसे विझत गेले, ते मी पाहिलं आहे. म्हणून सकाळीच निघालो.

आता फायदे ऐका. धूर नाही, किक नाही, पेट्रोल नाही. वर्ध्याबाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या शेतात तुरीवर बसलेली पाखरं ऐकू आली. इतकी वर्षं ती फक्त चोच हलवतात असं मला वाटायचं.

तोटा पहिल्याच गावात कळला. नेहमी माझी फटफटी वेशीवर आली की बाया बिघडलेली मशीन ओट्यावर आणून ठेवत. या वेळी मी अख्खं गाव पार केलं, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. परत फिरून ओरडत आलो, "मशीनवाला आला!" एका आजीनं दारातून पाहिलं.

"काऊन हो भाऊ, तुमी जिते हाये का? आवाज नाई आला, मले वाटलं आटोपलं तुमचं!"

"गाडी नवीन हाये, माय."

"मंग आवाजाची काऊन नाई घेतली? पैसे कमी पडले का?"

पुढच्या उतारावर मी सवयीनं चाबी बंद केली. पेट्रोल वाचवायला आम्ही सगळे तसंच करतो. खाली पोचल्यावर पुन्हा चालू केली, पण आवाजच नाही, त्यामुळे चालू की बंद तेच विसरलो. कोणी हाक मारली म्हणून उतरायला गेलो, वेगाची मूठ हातात पिळली गेली आणि गाडी मला घेऊन रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये घुसली. शेतमालक धावत आला. मला उचलायच्या आधी त्याने सोयाबीन उचललं. मग म्हणाला, "बुढेबुवा, करंटची गाडी हाये, बैल नोहे. 'होऽ, होऽ' म्हटल्यानं थांबत नाई."

वाटेतल्या खरांगण्याला पोचेपर्यंत चढांनी बॅटरी अर्ध्याखाली आणली. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते, हा कंपनीचा आकडा बहुतेक उतारावर, वारा पाठीशी घेऊन, उपाशी माणसाला बसवून काढलेला असावा. तिथे ब्लाउज शिवणाऱ्या शांताबाईंकडे चार्जिंगला लावली. करंट फुकट मिळतो हे खरं, पण गाडी जेवते तोवर चहा, पोहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याची हकीकत घ्यावी लागते. मध्येच लाइन गेली, म्हणून जेवणही झालं. मी त्यांच्या मशीनचं तेलपाणी विनामोबदला करून दिलं. पेट्रोल पंपावर एवढं ओझं मनावर राहत नाही.

आर्वीला कुंदा तिसऱ्या माळ्यावर राहते. खाली प्लग नाही. जावयाने बाल्कनीतून वायर सोडली. खालच्या माळ्यावरची बाई ओरडली, "माह्या साडीवर करंट उतरन ना!" मला झोप लागेना. दर घटकेला उठून वायर जागेवर आहे का पाहत होतो.

"बाबा, गाय बांधली नाई खाली, झोपा," कुंदा म्हणाली.

परतताना युक्ती केली. नटबोल्टचा डबा गाडीमागे तारेनं टांगला. काय खडखडाट! बाया पुन्हा ओट्यावर आल्या. एवढी महागाची मुकी गाडी एका डब्यानं बोलती झाली.

पण कामं वाढली, वळसे वाढले, बॅटरी उतरत गेली. खरांगण्याला पुन्हा शांताबाईंकडे थांबलो. त्यांच्याकडे मोकळा प्लग एकच. फोनही विझायला आला होता. मी गाडी लावली, फोन तसाच खिशात ठेवला, आणि अंधाराआधी पोचायचं म्हणून गाडी अर्धपोटीच काढली. वर्धा दिसू लागलं आणि गाडी बसली.

मी घाबरलो. तिथेच रस्त्यावर विनोदला फोन लावला. म्हणजे लावायला काढला, तर तोही मेलेला. मग काय, धापा टाकत, मागचा डबा खडखडवत गाडी ढकलत नालवाडी गाठली.

विनोद फाटकात उभा. "एकबी फोन नाई, बाबा! मानलं तुमाले."

मी मान हलवली. दम लागला होता, बोलता येत नव्हतं. नंतर दम परत आला, तरी बोललो नाही.

आता माझी फेरी चालू आहे. गाडी शहाणी आहे, गावात हिंडायला, कमी अंतराच्या कामाला उत्तम. पण पावसाळी चिखलात, लाइन गेलेल्या दिवशी काय करायचं, हे अजून मला कळलेलं नाही. फटफटीची चाबी मी मशीनच्या तेलाच्या डब्यात लपवली आहे. भंगारवाला रविवारी येतो. तुमच्यापैकी कोणी अशी गाडी घेऊन गावोगाव कामाला फिरत असेल, तर फटफटी जाऊ देऊ की नको, ते कृपा करून रविवारच्या आत कळवा. फोन करू नका, विनोद उचलतो. इथेच खाली लिहा. माझं लिहिलेलं तो कधी वाचत नाही.