कोरा पुठ्ठा

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी माझ्या गाडीला हातसुद्धा लावला नाही. बॉनेट उघडलं नाही, चावी मागितली नाही. मी तावातावाने तक्रारी सांगत होते आणि ते टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा कापत बसले होते. कापून झाल्यावर त्यांनी तो गाडीखाली सरकवला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि म्हणाले, "बाई, गाडी इथंच ठेवा आन् एस्टीने घरी जावा. मानूस खोटं बोलतो, धुतलेलं इंजन बी खोटं बोलतं. पुठ्ठा न्हाय बोलत."

माझी बदली तळा गावाहून दिघीजवळच्या शाळेत झाली, तेव्हा मी अलिबागच्या बाहेर जुन्या गाड्या विकणाऱ्या दिनेशकडून तेरा वर्षांची एक गाडी घेतली. घेतली तेव्हा इंजिन आरशासारखं चकचकीत होतं. आठवड्याभरात तिने शाळेच्या मैदानावर जिथे उभी राहील तिथे काळे डाग टाकायला सुरुवात केली. ब्रेक दाबला की डावीकडचा इंडिकेटर लागायचा, इंडिकेटर लावला की रेडिओ खरखरायचा. मी दिनेशला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी आहे, थोडं सांभाळून घ्यायचं." बाई माणसाला गाडीतलं काय कळणार, हे त्याच्या आवाजात होतं. त्या आवाजाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काशिनाथ मेस्त्रींचं गॅरेज दिघीच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठा बाहेर ओढला आणि त्यावरचे डाग मला बोटाने दाखवले. मग इंजिन घासून पुसून कोरडं केलं, गुलाबी डब्यातली अंगाला लावायची पावडर त्यावर भुरभुरवली आणि मला जेटीपर्यंत एक चक्कर मारून यायला सांगितलं. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीतून एक काळा ओघळ खाली उतरलेला दिसत होता. "बघा, तेल खाली पडतंय म्हनून सगळे खालचं पॅकिंग बदलतात. चोर वर बसलाय," असं म्हणून त्यांनी अगदी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. दिव्यांचा घोळ त्यांनी मागच्या दिव्यापाशी शोधला. तिथली अर्थिंगची वायर खाऱ्या हवेने पार गंजली होती. "करंटला घरी परतायची वाट न्हाय ठेवली, तर तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. त्याचा काय दोष?"

गॅरेजच्या भिंतीवर असे पुठ्ठे खिळ्यांना टांगलेले होते. प्रत्येकावर गाडीचा नंबर, तारीख आणि डाग. त्यात एकच पुठ्ठा कोरा होता, त्यावर फक्त नंबर. ही गाडी अजिबात गळत नव्हती का, असं मी सहज विचारलं. मेस्त्रींनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

दिनेश हा त्यांचाच चेला. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला आणि मग विकायच्या धंद्यात पडला. एकदा भर दुपारी तो एक गाडी घेऊन आला, धुतलेली, पुसलेली, इंजिन गरम. "वस्ताद, तुमच्या कुसुमताईंच्या मिस्टरांना पसंत पडली आहे. तुम्ही हो म्हणालात तरच घेणार म्हणतात. नुसतं कानाने ऐका." मेस्त्रींनी ऐकलं. चेल्याची गाडी, तिच्याखाली पुठ्ठा काय टाकायचा, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, घ्या. तीन आठवड्यांनी घाटात तिन्हीसांजेला त्या गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. दाजींचा, म्हणजे मेस्त्रींच्या बहिणीच्या नवऱ्याचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडी उघडली, तेव्हा खालच्या सगळ्या वायरिंगमध्ये पुराचा गाळ निघाला. त्या वर्षीपासून कुसुमताई भाऊबीजेला आल्या नाहीत.

"ती गाडी बघायची ऱ्हायली," मेस्त्री म्हणाले. "म्हनून पुठ्ठा कोरा."

त्या दिवसापासून माझा आणि त्यांचा शत्रू एकच झाला. मी वरचेवर गॅरेजवर जाऊन बसू लागले. दिनेशने विकलेली गाडी आली की मेस्त्रींचा चेहरा बदलायचा. ती ते इतकं मन लावून दुरुस्त करायचे की बघत राहावं. "त्यानं लपवलेली एक बी गोष्ट ऱ्हायला नको," असं म्हणायचे. मी एकदा पोलिसात जायचं सुचवलं. ते म्हणाले, "थांबा बाई. तो सोताच्या पायांनी येनार हाय."

आणि तो आला. दसऱ्याच्या आधी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. दर दसऱ्याला तो एकाच मुहूर्तावर आठ-दहा गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती देत असे. पण आता लोक कुजबुजू लागले होते, आणि वस्तादांच्या हातचा नारळ फुटला तर तोंडं बंद होतील, असा त्याचा हिशोब होता. मी तिथेच बाकावर होते.

"वस्ताद, झालं गेलं विसरा. यंदा नारळ तुम्हीच फोडायचा."

"येतो की," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "पन आपली रीत पाळ. मुहूर्ताची गाडी आदल्या सांजंपासनं पांढऱ्या कपड्यावर उभी पायजे. नवाकोरा कपडा. म्हंजी लक्ष्मी टिकते."

दिनेशला ते फारच आवडलं. फोटो छान येतील, म्हणाला. तो गेल्यावर मी विचारलं, "मेस्त्री, ही कुठली रीत? मी कधी ऐकली नाही."

"माझीच हाय. आत्ताच काढली."

दसऱ्याला मी शाळेतली सरस्वती पूजा उरकल्या उरकल्या त्यांना घेऊन निघाले. आगरदांड्याला फेरीबोटीने उतरून अलिबाग गाठलं. नऊ गाड्या नऊ पांढऱ्या कपड्यांवर उभ्या होत्या, झेंडूचे हार, पुढे रांगोळी. लोक नटूनथटून बायकामुलांसह आले होते. मेस्त्रींनी नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "गाड्या जरा म्होरं घ्या. नारळ कपड्यावर फोडायचा."

गाड्या पुढे गेल्या. नऊपैकी सात कपड्यांवर डाग होते. मेस्त्री एकेका कपड्यापाशी थांबले, आणि मी वर्गात धडा शिकवते तसं ते सांगत गेले. हा काळा इंजिनाचा, हा लाल स्टेअरिंगचा, हा हिरवट रेडिएटरचा. मग त्यांनी एका गिऱ्हाइकाला ब्रेक दाबायला सांगितला. वायपर आपोआप हलला आणि काचेवरचा झेंडूचा हार खाली पडला. दुसऱ्याला त्यांनी पायाखालची मॅट उचलायला लावली. खाली सुकलेला गाळ होता आणि त्यात भाताचं तूस. मग एका आजीबाईंनी हातातलं पूजेचं ताट तिथेच जमिनीवर ठेवलं आणि मुलाला म्हणाल्या, "चल घरी."

"वस्ताद, सणाच्या दिवशी हे?" दिनेशचा चेहरा उतरला होता.

"भाऊबीज बी सनच व्हता, दिन्या."

नारळ त्यांनी न फोडताच त्याच्या हातात परत दिला. मला आनंद झाला, लपवत नाही. परतताना फेरीवर मी दोनदा चहा घेतला.

पण मेस्त्रींचं लक्ष भाऊबीजेकडे होतं. त्या दिवशी नवा सदरा घालून ते गॅरेजच्या दारात बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुसुमताई आल्या नाहीत. मी फराळाचा डबा घेऊन गेले, तेव्हा ते शटर ओढत होते. "दिन्याचं तोंड काळं झालं," ते म्हणाले. "पन पुठ्ठा टाकायचा व्हता मी. तिचा राग बराबर हाय." मी फराळाचा डबा त्यांच्या हातात दिला.

पुढच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्येच, बसल्या जागी, त्यांचं हृदय थांबलं. तेराव्याला कुसुमताई आल्या, कुबड्या घेतलेल्या नवऱ्यासह. भिंतीवरच्या कोऱ्या पुठ्ठ्यापाशी त्या थबकल्या. "ह्यांच्या गाडीचा नंबर हितं कशाला?" मी त्यांना सगळं सांगितलं, दसऱ्याचं आणि भाऊबीजेचंसुद्धा. त्यांनी नंबरावरून बोट फिरवलं.

"रोज बघत व्हता ह्याच्याकडं?"

"रोज."

त्यांनी पुठ्ठा खिळ्यावरून काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "मी घरात ठेवून काय करू, बाई? तुमी अलिबागला जाता ना? त्या दिनेशच्या दारात टाका."

दिनेशचा धंदा पुन्हा सुरू झाला आहे. पाटी पहिल्यापेक्षा मोठी आहे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी मेस्त्रींनी दुरुस्त केलेली माझी म्हातारी गाडी त्याच्या फाटकासमोर, सरकारी रस्त्याच्या कडेला उभी करते, खाली तो पुठ्ठा सरकवते, चार दगड ठेवते आणि अलिबागला मावशीकडे मुक्कामाला जाते. तो फाटकातून बघतो. सकाळी गिऱ्हाइकं जमली की मी गाडी पुढे घेते आणि पुठ्ठा उचलून टपावर उभा करते. कोणी ना कोणी विचारतंच, हे काय आहे. मी शिक्षिका आहे, नीट समजावून सांगते. चार दसरे झाले. पुठ्ठ्यावर अजूनही फक्त नंबरच आहे.