गेमच्या डब्याची सोयरीक

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत माझ्या इवायाइतका सावकाश माणूस देवानं दुसरा केला नाही, आणि केला असेल तर तो अजून जन्माला यावं का नाही याचाच विचार करत वर बसला असेल. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचा बाप. सौंसरला शाळेत मास्तर होते, आता पेन्शन खाऊन राहिले. एका वर्षी त्यांनी मृगात छत्री पाहायला सुरुवात केली. ती घरी आली तेव्हा आमच्याकडे कापूस वेचून झाला होता, आणि मग त्यांनी ती उन्हासाठी वापरली. वर म्हणाले, "घाई केली असती तर पावसात खराब झाली असती."

याला कारण आहे. सौंसर, मोहगाव आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी सोयरिकी या माणसानं जुळवल्या. त्यामुळे घरात काहीही आणायचं म्हटलं की त्यांना ते स्थळच वाटतं. फ्रीज घ्यायचा होता तर त्याच कंपनीचा फ्रीज ज्यांच्याकडे नांदून राहिला होता अशा घरी जाऊन बसले, चहा घेतला, आणि हळूच घरच्या बाईला विचारलं, "आवाज करते म्हणतात. रागाचा करते का घोरल्यासारखा?" ती बाई अजून ही गोष्ट सगळ्यांना सांगते.

पोरगी द्यायच्या वेळी आमच्या घरीही ते असेच आले होते. पोरगा समोर बसलेला, त्याच्याकडे पाहिलं नाही. गोठ्यात गेले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. विहिरीचं पाणी प्याले. रांजणात डोकावले. पुन्हा आले, पुन्हा तेच. मी आतून चिडलेलो. शेवटी माझी बायको पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "मास्तर, पोरगी देऊन राहिले का घर विकत घेऊन राहिले?" मास्तर इतके हसले की चष्मा मांडीवर पडला. तिथेच म्हणाले, "नारळ आणा." पुढे सगळ्यांना सांगत, मी जावई पाहिलाच नाही, ईनबाईचं, म्हणजे विहिणीचं, बोलणं ऐकून पोरगी दिली.

तेव्हापासून त्यांचं जे अडायचं ते माझ्या बायकोच्या एका वाक्यानं सुटायचं. डोळ्याचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरकडे करावं यावर त्यांचा विचार सुरू होता आणि तोवर माणसं ओळखू येईनाशी झाली होती. हिनं फोनवर सांगितलं, "आंधळे झाल्यावर डॉक्टरचं तोंड कसं पाहाल?" त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

मागच्या वर्षी ती गेली. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मला ते लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, संत्र्याच्या बगीच्यात जन्म गेला. आता भाकर करतो, ती जळते, तशीच खातो. पोरगा आणि सून पुण्याला बोलावतात. मी जात नाही.

तिच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, इवाईबुवा आले. निघताना दारात खांद्यावरचा दुपट्टा आवळत उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. तेवढ्यात कोणीतरी गाडी आली म्हणून सांगितलं. आमच्याकडे इवाई कामाबिगर येत नाही. लग्न, बारसं, मयत, यालाच येतो. नुसता बसायला आला तर गल्ली विचारते, सुनेचं काही बिनसलं का? मी मनात म्हटलं, आता हा माणूस या दारात येईल तो माह्याच तेरवीला.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बाजाराच्या दिवशी ते दारात उभे. हातात पिशवी, कपाळावर घाम.

"काम आहे," दारातूनच म्हणाले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

काम असं, की ते डोळे दाखवायला नागपूरला गेले होते. दवाखान्यात गर्दी, म्हणून बाजूच्या दुकानात थंड हवेला उभे राहिले. तिथे नवीन आलेला गेमचा कन्सोल मांडला होता. टीव्हीला जोडायचा पांढरा डबा, दोन्ही हातांत धरायचा रिमोट, आणि पडद्यावर खरी वाटावी अशी दुनिया. दुकानातल्या माणसानं गंमत म्हणून रिमोट यांच्या हातात दिला. पडद्यावर एक घोडेस्वार होता, त्याच्यामागे दरोडेखोर लागले होते. आमच्या मास्तरांनी काय करावं? घोडा नदीवर नेला आणि पाणी पाजत उभे राहिले. दुकानवाला ओरडून राहिला, "बाबाजी, मागून गोळ्या मारून राहिले!" हे म्हणतात, "थांब ना बाप्पा, जनावर तहानलं आहे."

"इवाईबुवा," मला म्हणाले, "तिथे सूर्य बुडते ना, तर घाई करत नाही. गवत हालते. पाण्यात ढग दिसते. मले कोणी काही विचारलं नाही तिथे."

"मग?"

"घ्यावा का, या विचारात आहो. सौंसरच्या घरी लावीन. ईनबाई असत्या तर एका शब्दात निकाल लागला असता. आता तुमचा होकार लागन."

मी सरळ बोलतो. म्हटलं, "तुमचं वय घोड्यावर बसायचं नाही, चौघांच्या खांद्यावर बसायचं आहे."

"खांद्यावर बसत नाहीत, निजतात," ते शांतपणे म्हणाले. "बसायची सोय घोड्यावरच. दुसरी हरकत सांगा."

म्हटलं, "लाईट गेली तर?"

झालं. हरकत पिशवीत टाकून ते सौंसरला गेले आणि पुढच्या बाजारी उत्तर घेऊन परत आले. नागपूरच्या दुकानात फोन केला होता. लाईट गेली तरी खेळ जतन करून ठेवला असला की घोडा जिथे होता तिथेच राहतो. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. "मी तर त्याले नदीवर तसाच सोडून आलो, इवाईबुवा. खोगीरही उतरवलं नाही." मी म्हटलं, अहो, दुकानातला घोडा आहे, आतापर्यंत शंभर लोकांनी पळवला असेल. पण ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले, आणि खरं सांगतो, ते गेल्यावर दुपारी बगीच्यात पाणी देताना मलाही वाटलं, संत्र्याच्या ओळींच्या शेवटी कोणीतरी मान खाली घालून उभं आहे. मी पाटाचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं.

मग म्हटलं, घरात भांडणं लावते असं ऐकलं. इवाईबुवा मोहगावला गेले. तिथे एका दुकानदाराच्या घरी असा डबा वर्षभर नांदून राहिला होता. जेवले, सुपारी खाल्ली, घरच्या बाईला विचारलं, "हा आल्यापासून कटकट वाढली का?" बाई म्हणाली, "कटकट पहिलीच आहे, मास्तर. आता बाप-लेक दोघंही हेडफोन कानाला लावून बसतात, तर मले आवाज येत नाही."

मी म्हटलं, कुळाचं काय? तर पुढच्या बाजारी सगळं कुळ घेऊन आले. याचा मोठा भाऊ, म्हणजे याच कंपनीचा आधीचा डबा, फार गरम व्हायचा, हा थंड स्वभावाचा आहे. म्हटलं, लवकरच याच्यापेक्षा चांगला येईल, थांबा. म्हणाले, "चांगलं स्थळ येईल म्हणून थांबलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत, इवाईबुवा. केस पांढरे होतात." म्हटलं, देवाला विचारलं का? तर जामसांवलीला जाऊन आले. तिथला मारुती निजलेला. परत येऊन म्हणाले, "देव स्वतःच इतका निवांत पडला आहे, त्याले मी काय घाई सांगू? हात जोडले अन् मीही मंडपात घटकाभर आडवा झालो. झोप छान लागली."

असं चाललं. बाजाराच्या दिवशी मी दोन माणसांची भाजी टाकू लागलो. भाकर जळली तर ते काळा भाग काढून बाजूला ठेवायचे आणि बोलायचे नाहीत. गल्लीत कोणी विचारलं तर मी सांगायचो, सोयरिकीचं काम सुरू आहे. खोटं नव्हतं. आठवडाभर मी बगीच्यात, बसस्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत एकच काम करायचो. नवीन हरकत शोधायचो.

मागच्या बाजारी ते आले ते नवीन सदरा घालून. बसले नाहीत. "पक्कं झालं," म्हणाले. "तुमच्या सगळ्या हरकती संपल्या. उद्या नागपूरला जातो. आता फक्त हो म्हणा."

मी चुलीकडे वळलो. चहा उतू गेला तरी मी तिथेच. मनात शोधून राहिलो, काही सापडेना. बोलून मोकळा होणारा माणूस मी, पण ते एक अक्षर तोंडातून निघेना. हो म्हटलं की डबा सौंसरला जाणार, हे त्या घोड्याजवळ बसणार, आणि इवाईला या दारात यायला काम उरणार नाही.

"म्हणा ना," ते म्हणाले. "गाडीची वेळ झाली." आणि चपला घालू लागले.

"पांढरा आहे म्हणता ना?" मी एकदम बोललो.

"पांढराशुभ्र."

"मग आपल्याकडच्या धुळीचं काय? वैशाखात माह्या पांढऱ्या धोतराचं काय होते ते पाहिलं ना तुम्ही. डबा किती दिवस पांढरा राहीन?"

ते थांबले. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. इतक्या सोयरिकी जुळवलेल्या माणसाला कळत असणारच, कोणती हरकत स्थळात खोट आहे म्हणून असते, आणि कोणती पोरगी घरातून जाऊ नये म्हणून.

"धुळीचं तर राहूनच गेलं," मास्तर म्हणाले. "ते पाहा लागन. पुढच्या बाजारी सांगतो."

आणि एका पायात घातलेली चप्पल त्यांनी काढून ठेवली. म्हणाले, ही गाडी जाऊ द्या, मागून दुसरी आहे.