वैजूला सांगितलेला कोर्स

हे मी कुणाशीच बोललेली नाही. आईशी नाही, बहिणीशी नाही आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बाजारात समोर येणार नाही. माझं धैर्य एवढंच — हसायचं तर हसा.

नागावात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, पुढच्या अंगाला होमस्टेच्या खोल्या. गावात मला कॉम्प्युटरवाली मीनल म्हणतात. का? तर पनवेलच्या एका काचेच्या दारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी प्रोफेशनल सॉफ्टवेअर कोर्स केला आणि मग मोठ्या कंपनीत लागले. आईच्या आजारपणात नोकरी सोडली, नाहीतर आज परदेशात असते. असं आई पाहुण्यांना सांगते, घावन वाढता वाढता. मी मागून चटणी वाढते, मान खाली घालून. लोकांना तो विनय वाटतो.

कसली कंपनी आणि कसलं काय!

त्या इन्स्टिट्यूटमध्ये एसी होता, गुळगुळीत माहितीपत्रकं होती, टाय लावलेले सर होते. फक्त शिकवणं नव्हतं. शिकवणारा पोरगा आमच्याच आधीच्या बॅचचा. पुस्तकातून वाचून दाखवायचा आणि शंका विचारली की म्हणायचा, पुढच्या मॉड्यूलमध्ये येईल. ते मॉड्यूल काही आलं नाही. शेवटी सगळे आपापल्या घरी गेले. मला मात्र नोकरी मिळाली बरं का — कुठे? त्याच इन्स्टिट्यूटच्या फोनवर. बारावी झालेल्या पोरापोरींना फोन लावायचे आणि गोड आवाजात सांगायचं, शंभर टक्के नोकरी, आजच नाव नोंदवा. माझा आवाज गोड आहे, सगळे म्हणतात. काही महिन्यांत माझ्याहून गोड आवाजाची कुणीतरी मिळाली आणि मला नारळ दिला. घरी आले तेव्हा आईला ताप होता. साधा ताप. त्याचं आजारपण मी केलं.

इथवर मी नुसती खोटारडी होते. खोटारडी माणसं गावोगाव पडलीत, त्यात काय एवढं?

पण मग हिरामावशी आली. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण — माझ्या लहानपणापासूनची. एका दुपारी पाटी न घेता आली, सोबत मुलगी, वैजू. वैजूची बारावी झाली होती. अलिबागला सरकारी आयटीआयत कॉम्प्युटरच्या ट्रेडला तिचा नंबर लागला होता, दोन दिवसांत प्रवेश पक्का करायचा होता. आणि पनवेलहून त्याच इन्स्टिट्यूटचे फोन येत होते, रोज, गोड आवाजात. वैजूच्या हातात ते माहितीपत्रक होतं. आयटीआय घेऊ की हे, एवढंच तिला विचारायचं होतं.

आई ओटीवर सुपारी सोलत बसलेली. मी म्हटलं, मावशी, तिथे जाऊन त्यांनाच विचारा ना. तेव्हा हिरामावशी जे बोलली ते मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

"बाय, जुनी होडी घेताना इकणाऱ्याला कोन इचारतं गो? तिच्यातून जो दर्यात जाऊन आला त्याला इचारायचा. तो बरी बोलला तं बरी. मग आमी दुसऱ्याला इचारत न्हाय. तू जाऊन आलीस."

हीच कोळ्यांची रीत. आणि त्यांच्यात अशा वेळी कुणी खोटं बोलत नाही, कारण फुटक्या होडीला बरी म्हटलं तर माणूस बुडतो. म्हणूनच तर ती माझ्याकडे आली, आणि तीच तिची चूक झाली.

"सांग ना गं, तुझाच तर कोर्स," आई म्हणाली. किती कौतुकानं म्हणाली!

मला फक्त 'आयटीआय घे' म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मग आईनं विचारलं असतं, का गं, तुझा कोर्स वाईट होता का? आणि तुझी कंपनी? — बस, एवढ्याला मी घाबरले. शिवाय आणखी एक आहे, तेही ओकूनच टाकते. वैजू हुशार होती. आयटीआयत तिचं नक्की जमलं असतं. उद्या मासळीवालीची पोर ऑफिसात बसणार आणि मी चटणी वाढणार? हा विचार माझ्या मनात आला, आणि मी त्याला हाकललं नाही.

मी म्हटलं, "हाच घे. मी केलाय ना."

हिरामावशीनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आयटीआयची जागा गेली. वैजू पनवेलला राहिली, कोर्स पुरा केला आणि परत आली. तिला तर फोनवरची नोकरीही मिळाली नाही. पुन्हा आयटीआयचा अर्ज भर म्हणायची घरात कुणाची उमेद उरली नव्हती. आता काशीदला बनाना राईडची तिकिटं फाडते, दिवसभर उन्हात.

परत आल्यावर दोघी आमच्याकडे आल्या होत्या. मला वाटलं, मावशी आली शिव्या द्यायला. मनात म्हटलं देच, एकदाचं संपेल. पण वैजू ओटीच्या कडेला बसली आणि आईला म्हणाली, "कोर्स चांगलाच हाय, काकी. मीनलताईला लागली की नोकरी. माझंच डोकं न्हाय चाललं." हिरामावशी माझ्याकडे न बघता पायरीवरची वाळू पायानं सारत होती. आई म्हणाली, "सगळ्यांनाच जमतं असं नाही गं, बाळा."

आणि मी? तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं ना? उघडलं की! म्हटलं, "इंग्रजी थोडं सुधार, वैजू. तिथेच अडतं."

हे म्हणाले मी. स्वतः बुडवलेल्या पोरीला, वरून.

तिनं ते मनावर घेतलं. काशीदला आलेल्या पर्यटकांशी ती मुद्दाम इंग्रजीत बोलते. ते हसतात, तरी बोलते. परवा मासळीबाजारात भेटली. ऊन लागून काळवंडलीय. लांबूनच हात केला आणि जवळ येऊन म्हणाली, "ताई, सुधारतंय हां माझं इंग्लिश."

मी म्हटलं, "छान."